लिबाऊचं फाटक

रेनीचं पत्र मला एकेचाळीस वर्षांपूर्वी आलं. मार्च महिना होता, मंगळवार होता आणि मी लीड्समधल्या एका ग्रंथालयात जुन्या जर्मन पुस्तकांच्या नोंदी करत बसलो होतो. दोन पानांचं पत्र. त्याच्या शेवटच्या ओळी मला पाठ आहेत. खरं म्हणजे बाकीच्याही आहेत.

"दगडावर पंजे असतील तर तसं लिही. झारी असेल तर तसं लिही. तिथवर पोचताच येत नसेल तर तेही लिही. काहीही लिही, सिरिल, पण लिही."

मी लिहिलं नाही.

हे सांगायला दुसऱ्या कुठून तरी सुरुवात करायला हवी होती की काय, अशी शंका मला आत्ताच येते आहे. पण आता झालं ते झालं.

मला रेनीशी लग्न करायचं होतं, पण तिची आधी सोडचिठ्ठी झालेली होती, रीतसर, ज्यू धर्माच्या न्यायालयातून. मी सिरिल काप्लान. आमचं घराणं कोहेनांचं, म्हणजे पुरोहितांचं. यरुशलेमचं मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, पण पुरोहितपण बापाकडून मुलाकडे येतच राहतं आणि त्याच्याबरोबर बंधनंही येतात. कोहेनाने दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. आईबाप, भावंडं, बायकामुलं यांना पोचवण्यापुरतीच काय ती सूट. आणि सोडचिठ्ठी झालेल्या बाईशी लग्न करायचं नाही. आमच्या त्या वेळच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हे मला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून समजावलं. मी मान हलवली.

रेनीने मान हलवली नाही. तिने विचारलं, "पण तू कोहेन आहेस, हे पाहिलंय कोणी?" तिचे मामा मोठे व्यासंगी. ते म्हणाले होते, कित्येक घराण्यांचा नुसता समज असतो. पुरावा नसला, तर वाट निघू शकते. माझे पणजोबा आमच्या मूळ गावी, लिबाऊला पुरलेले. कोहेनाच्या दगडावर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरतात. लेवीच्या, म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसाच्या, दगडावर झारी असते, कारण आशीर्वादाआधी लेवीने कोहेनाच्या हातांवर पाणी घालायचं असतं. दगड पाहिला की कळणार होतं.

लिबाऊ तेव्हा बंद शहर होतं. रशियन आरमाराचं बंदर, परक्या माणसाला बंदी. मला याहून भक्कम सबब कोणी दिली नसती. पुढे शहर खुलं झालं, तोवर रेनी एडिंबरोला निघून गेली होती आणि माझ्याकडे इतर सबबी जमल्या होत्या. मी लग्न केलं नाही. ते काही व्रत वगैरे नव्हतं. राहून गेलं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला चार लोकांपुढे उभं राहता येत नाही. नोकरीच्या निरोप समारंभाला मी आजारी पडलो होतो. पण सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, पायातले बूट काढून, डोक्यावरून शाल ओढून आशीर्वादाला उभं राहिलं की माझा आवाज कापत नाही. कारण त्या वेळी कोहेनाकडे कोणी बघायचं नसतं. सगळी मंडळी नजर खाली घालतात. वर्षातले ते थोडे दिवस मी लोकांपुढे सुखाने उभा असतो. दगडावर झारी निघाली असती, तर तेही गेलं असतं. म्हणजे एका दगडात माझं सगळंच होतं: रेनीला उगाचच सोडलं का, आणि मी आहे तरी कोण.

यंदा हिवाळ्यात सिनेगॉगच्या फळ्यावर एक कागद लागला. कोपनहेगनपासून स्टॉकहोमपर्यंत जहाजाने बारा दिवस. आपल्या लोकांच्या खुणा पाहत जायचं, रोज व्याख्यान, कोशर, म्हणजे धर्माला चालणारा, स्वयंपाक, सोबत रब्बी. बंदरांच्या यादीत लिएपाया होतं. लिबाऊचं आजचं नाव. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. फळ्यासमोर तीन वेळा जाऊन आलो आणि चौथ्या वेळी नाव दिलं.

जहाजावर मला बसवेना. वाचनाची खोली होती, चांगल्या खुर्च्या होत्या, मी चार पुस्तकं आणली होती. एकाही पुस्तकाचं दहावं पान मी पाहिलं नाही. खुर्चीत बसलो की खालच्या यंत्रांची थरथर पोटऱ्यांतून वर यायची आणि मी उठायचो. डेकवर एक फेरी, दुसरी फेरी. मग कोटाच्या आतल्या खिशातलं पत्र चाचपायचं. मग पुन्हा खुर्ची.

"सिरिल, तू असाच चालत राहिलास तर आमच्या आधी पोचशील," मॉन्टी म्हणायचा.

मॉन्टी कात्झ मँचेस्टरचा. पूर्वी त्याचं सोफासेटचं दुकान होतं, आता गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण असते. तोही कोहेन, आणि त्याला त्याबद्दल शंकेचा लवलेश नाही. कोपनहेगनच्या जुन्या दफनभूमीशी सगळी मंडळी आत गेली आणि आम्ही दोघे फाटकाबाहेर राहिलो. बायकांनी आमच्या हातांत पर्सा दिल्या, कोणी छत्र्या दिल्या, एकाने अर्धं खाल्लेलं आइस्क्रीमसुद्धा दिलं. ग्दान्स्कला तेच.

"पुरोहितांचं काम बघ काय राहिलंय," मॉन्टी आइस्क्रीम वितळू नये म्हणून चाटत म्हणाला. "सामान सांभाळा!"

मला मात्र फाटकाबाहेर बरं वाटायचं. आत काय आहे ते बघायची जबाबदारी आपल्यावर नाही, हे एक प्रकारचं सुखच असतं.

आमच्या टेबलावर तिसरी होती थेल्मा. एडिंबरोची, पंचाहत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती जेवताना बोलायची आणि बोलताना जेवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी लोणच्यातली हेरिंग मासळी वाढून घेत ती म्हणाली, "अहो काप्लान, तुम्ही लीड्सचे ना? आमच्या वाचनमंडळात एक आहे लीड्सची. रेनी. जिभेला अशी धार आहे तिच्या! गेल्या महिन्यात एक लेखक आला होता, त्याला रडवायचं तेवढं बाकी ठेवलं."

माझा काटा ताटात पडला.

"ओळखता?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो, मला माहीत नाही. तो शब्द इतक्या सहज आला की त्याची मला भीती वाटली. थेल्माने माझ्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं आणि पुन्हा हेरिंगकडे वळली. "नवरा गेला तिचा सहा वर्षांपूर्वी. आपल्यातला नव्हता, पण माणूस सोन्यासारखा," ती म्हणाली.

त्या दुपारी मी डेकवर किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत. रेनी जिवंत होती. इतकी वर्षं मी ज्या पत्राचं उत्तर मनात लिहीत होतो, ते वाचायला माणूस होतं. आतापर्यंत मी ती असेल-नसेल असं मोघम धरून चाललो होतो, आणि त्या मोघमपणात मला बरं वाटत होतं. आता उत्तराला दार होतं, दारावर नाव होतं. मला समुद्राकडेही बघवेना.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानानंतर रब्बी पिंकस यांनी लिबाऊच्या दगडांची यादी वाटली. तिथल्या कोणी हौशी माणसांनी गवत काढून, दगड घासून नावं उतरवली होती. ओळ क्रमांक, दगड क्रमांक. ज्याने त्याने आपलं माणूस शोधावं. सगळे चष्मे लावून खाली वाकले. मी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

"अहो, असं काय करता?" थेल्माने आपली यादी माझ्यापुढे सरकवली. "इथे सहा काप्लान आहेत. शिफ्रा, मेंडेल, बोरुख… यातले तुमचे कोण?"

"बोरुख," मी म्हणालो. निदान तेवढं तरी खरं बोललो.

"चौदावी ओळ, तिसरा दगड." तिने पेन्सिलीने गोल केला. "तुम्ही आत येणार नाही ना? मी फोटो काढून आणते."

"नको, तुम्हाला कशाला त्रास…"

"त्रास कसला? माझं कोणी नाही लिबाऊत. मला कोणीतरी हवंच आहे."

लिबाऊला आम्ही सकाळी उतरलो. वारा होता, वाळू उडत होती. बस पाइनच्या झाडांतून गेली आणि एका लांबलचक भिंतीपाशी थांबली. लोखंडी फाटक उघडं होतं. मंडळी आत शिरली. पर्सा, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे आल्या. मॉन्टीने दुर्बीण काढली.

"काय रे तुझे कोण, बोरुख ना? चौदावी ओळ. थांब, इथूनच बघतो. एक, दोन… मेली ती झुडपं… सिरिल, एक काळी पाठ दिसतेय. अरेरे, ती थेल्मा आहे."

मी हसलो नाही. भिंतीच्या कडेने जाऊन आलो. परत आलो. पुन्हा गेलो. फाटकातून आतला रस्ता सरळ दिसत होता. शंभरेक पावलं असतील. अडतिसाव्या वर्षी हा रस्ता माझ्यापासून एका बंद देशाइतका लांब होता, आणि तेव्हा तो जितका लांब होता तितकंच मला बरं वाटत होतं.

थेल्मा परत आली तेव्हा तिच्या बुटांना चिखल होता आणि हातात फोन होता.

"सापडले!" ती म्हणाली. "मी गवत बाजूला केलं, हाताने पुसलंसुद्धा. वर कोरलेलं अगदी स्वच्छ दिसतंय. हे बघा."

तिने फोन पुढे केला आणि मी तोंड फिरवलं. अगदी लहान मूल औषधाला फिरवतं तसं.

"अरे, बघ की!" मॉन्टी म्हणाला. "फोटोला कसलं आलंय सोवळं? फोटो मीही बघतो."

"नको. बघू नकोस. थेल्मा, सांगू नका."

माझा आवाज वर गेला असावा, कारण मॉन्टीने पुढे केलेला हात मागे घेतला. थेल्माने फोन उलटा करून छातीशी धरला. मग हळूच म्हणाली, "सिरिल, तुम्ही ग्रंथालयात होता ना?"

"हो."

"लीड्सचे. ग्रंथालयातले. कोहेन. असे कितीसे असणार? परवा तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच मला कळलं." तिने बुटावरचा चिखल गवतात पुसला. "नाव तिने कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाली होती. आम्ही कुठल्याशा पुस्तकावर भांडत होतो, तर म्हणाली, मला एक माणूस माहीत होता, ग्रंथालयातला, कोहेन, मी त्याला एक प्रश्न विचारला आणि तो अजून संदर्भ शोधतोय."

मॉन्टीने दुर्बीण खाली केली. "कोण तिने? काय चाललंय तुमचं?"

मी त्याला सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. एकेचाळीस वर्षांची गोष्ट चार वाक्यांत मावली याचीच मला लाज वाटली.

मॉन्टीने डोकं खाजवलं. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "आधी फोटो बघ. झारी असली तर तू कोहेनच नाहीस. खुशाल आत जा, दगडावर डोकं टेक, रड, काय हवं ते कर. पंजे असले तर इथे माझ्याजवळ उभा राहा. पण आधी बघ."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते इतकं बरोबर होतं की मला ते जन्मभर ओळखीचं होतं. आधी बघ, मग पाऊल टाक. नोंद तपासून घे, मग कार्ड लिही. झारी आहे असं कोणी छापून दिलं असतं, तर मी अडतिसाव्या वर्षी धावतच गेलो असतो रेनीकडे. पण तिने तसा माणूस मागितला नव्हता.

मी हातातल्या दोन पर्सा मॉन्टीच्या गळ्यात अडकवल्या.

"ए! ए सिरिल! काय करतोस?"

मी फाटकातून आत गेलो.

"अरे बाहेर ये! वेडा आहेस का? एकोणऐंशीव्या वर्षी? थेल्मा, धरा त्याला!"

"मी नाही धरणार बाई," थेल्मा म्हणाली.

काय व्हायला हवं होतं मला माहीत नाही. वारा होता तसाच होता. पायाखाली पाइनच्या सुया होत्या, त्यांचा आवाजही येत नव्हता. आमच्यातले काही जण माना वर करून माझ्याकडे बघत होते आणि नेहमीसारखं मला कुठेतरी लपावंसं वाटलं. नजर खाली घालायला कोणी तयार नव्हतं. मी ओळी मोजत गेलो. बारा. तेरा. चौदाव्या ओळीत पहिला दगड पडलेला, दुसरा शेवाळलेला, तिसरा.

पंजे होते.

दोन पंजे, अंगठ्याशी अंगठा भिडवलेले, बोटांच्या जोड्या फाकवलेल्या. डावा अंगठा झिजून गेला होता. थेल्माच्या बोटांनी पुसल्याच्या रेषा अजून ओल्या होत्या. खाली नाव, बापाचं नाव, आणि हिब्रूत हा-कोहेन, म्हणजे 'पुरोहित'. कुठेही शंकेला जागा नाही.

इतकी वर्षं मी झारीला भ्यालो होतो. झारी निघाली तर रेनीला फुकट सोडलं असं होईल, म्हणून. पंजे निघाले तर निदान माझं वागणं नियमाला धरून होतं, असं म्हणता येईल. त्या वाटेने मी मनात अनेकदा जाऊन आलो होतो, आणि त्या वाटेच्या शेवटी मला नेहमी शांत वाटायचं. आता पंजे समोर होते आणि शांत वाटत नव्हतं. मी कोहेन होतो आणि दफनभूमीत उभा होतो. न बघता आलो होतो. हे मला जमलं होतं. म्हणजे ते तेव्हाही जमण्यासारखं होतं. लग्न झालं असतं की नसतं, पुढचं पुढे. पण एक कागद घेऊन त्यावर "मला माहीत नाही" एवढं लिहिणं शंभर पावलांपेक्षा लांब नव्हतं.

रीतीप्रमाणे मी एक खडा उचलून दगडावर ठेवला. परत निघालो.

फाटकाशी मॉन्टी गळ्यात पर्सा अडकवून तसाच उभा होता. दफनभूमीतून बाहेर आलं की हात धुवायचे असतात. नळापाशी गर्दी होती. मॉन्टीने कोणाची तरी पाण्याची बाटली उघडली.

"हात पुढे कर," तो घुश्शातच म्हणाला. त्याने आधी उजव्या हातावर पाणी घातलं, मग डाव्या, पुन्हा उजव्या. "पंजे होते ना?"

"हो."

"मला ठाऊकच होतं. इतका गोंधळ घालणारा माणूस आपल्याच लोकांत निघायचा." त्याने उरलेलं पाणीही माझ्या हातांवर ओतलं. "शनिवारी ग्रंथवाचनाला पहिलं नाव माझं पुकारतील हं, नियम मोडणाऱ्या कोहेनाचं नाही. मी रब्बींना सांगणार आहे."

"सांग."

"नाही सांगणार," तो म्हणाला. "पण सांगायला हवं खरं म्हणजे."

"मीच सांगेन," मी म्हणालो.

बसमध्ये थेल्मा माझ्या शेजारी येऊन बसली. तिने पर्समधून कार्ड काढलं. लिबाऊच्या समुद्रकिनाऱ्याचं, नातवासाठी घेतलेलं. ते माझ्या मांडीवर ठेवलं, फोनमध्ये पत्ता काढला आणि फोनही ठेवला. मग तिने बोलणं बंद केलं. ते तिला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

बस हलत होती. मी कधीही कच्चा मसुदा केल्याशिवाय दुधवाल्यालासुद्धा चिठ्ठी लिहिलेली नाही. मी लिहिलं:

"रेनी, पंजे आहेत. डाव्याचा अंगठा झिजलाय. पण आधी हे लिहायला हवं की मी ते माहीत नसताना आत गेलो. तेव्हाही जाता आलं असतं. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. थेल्माने तुला आणखी काही सांगितलं तर ते खरं असेल. सिरिल."

अक्षर वाईट आलं. "उशीर झाला" हे हास्यास्पद वाटलं, पण खोडायला जागा नव्हती.

"हे तिथे जहाजावर देता येईल ना?" मी विचारलं.

"येईल," थेल्मा म्हणाली. "आणि रात्रभर ते तुमच्या खोलीत राहील, आणि सकाळी तुम्ही फाडाल." ती उठून उभी राहिली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडली, "ड्रायव्हर! पोस्ट दिसलं की थांबवा! या गृहस्थांना उतरायचंय!"

"जहाज चुकेल!" मागून कोणीतरी म्हणालं.

"काही चुकत नाही," मॉन्टी म्हणाला. "हा माणूस चालतच जहाजाच्या पुढे जातो."

पोस्टात माझ्यापुढे दोन बायका होत्या. मी खिडकीतल्या मुलीला एडिंबरो हा शब्द तीन वेळा सांगितला. तिने तिकीट दिलं, मी ते तिरकं चिकटवलं. बाहेर आलो तर बसच्या काचांतून चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, कोणी घड्याळाकडे बोट दाखवत होतं. पेटी फाटकासारखी उघडी नव्हती. तिला झाकण होतं, ते ढकलावं लागलं.

कार्ड आत पडल्याचा आवाज आला नाही. मी झाकण पुन्हा ढकलून आत पाहिलं, हात घालून चाचपलं. बोटांना काही लागलं नाही. गेलं होतं.